पाळण्याची कडी

आधीच सांगून टाकते — भूतखेत, करणी, नजर, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. पूर्वी नव्हता आणि आता बसला, असंही नाही. ग्वाल्हेरला जयेंद्रगंजात माझं ब्यूटी पार्लर आहे, आणि ज्या बाईने इतकी वर्षं पार्लर चालवलं तिला भुतांच्या गोष्टींचं अजीर्ण झालेलं असतं. तोंडाला पॅक लावल्यावर बोलू नका म्हटलं की बायका हटकून तेव्हाच बोलतात. कुणाच्या जावेच्या अंगात येतं, कुणाच्या माळ्यावर रोज कुणीतरी चालतं... मी "हो का, अगं बाई" म्हणत भुवया कोरते आणि मनात म्हणते, माळ्यावर उंदीर झालेत बाई, पिंजरा लाव.

तर हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाहीये. माझ्या घरात एक गोष्ट घडली, अजून घडतेच आहे, आणि घरातल्या कुणाला ती सांगायची सोय नाही. अनोळखी माणसांना सांगणं त्या मानाने सोपं असतं.

आम्ही राहतो बिर्लानगरला. मिल बंद पडून जमाना झाला, पण सासरे मिलमध्ये असताना त्यांनी बांधलेलं दोन खोल्यांचं घर अजून ठणठणीत आहे. छत इकडच्या पद्धतीचं — लोखंडी गर्डर आणि त्यांच्यावर दगडी पट्ट्या. पुढच्या खोलीत मधल्या गर्डरला एक जाड कडी आहे. ती पाळण्याची. आमचे हे — वसंतराव, माझे यजमान — त्याच कडीच्या पाळण्यात वाढले, आणि पुढे आमची केतकीही. सासूबाई होत्या तोवर त्या कडीचे दोन नियम होते. पाळण्याशिवाय तिला दुसरं काही टांगायचं नाही, आणि रिकामं काही तिथे हलवायचं नाही. रिकामा पाळणा हलवला की बाळाला बाधतं, हे तुम्हीही ऐकलं असेल. केतकी तान्ही असताना मी एकदा येताजाता सहज रिकाम्या पाळण्याला झोका दिला, तर सासूबाई दिवसभर माझ्याशी बोलल्या नव्हत्या. मला तेव्हा हसूच आलं होतं.

मागच्या वर्षी होळीच्या सुमारास सीवरसाठी खोदलेल्या खड्ड्यात माझी स्कूटी गेली आणि मी उजव्या खांद्यावर पडले. खांद्याजवळचं हाड मोडलं. ऑपरेशन टळलं, पण हात बरेच दिवस झोळीत होता. हाड जुळलं तोवर खांदा असा जाम झाला की कंगवा कानापर्यंत नेता येईना. आता तुम्हीच विचार करा, आमचा सगळा धंदा हात वर धरून करायचा. थ्रेडिंग, कटिंग, ड्रायर... नवरीची वेणी घालायची तर तास तास हात उचललेला. पार्लरला कुलूप लागायची वेळ आली होती. गिऱ्हाइकं काय, आज आपल्याकडे, उद्या समोरच्या दुकानात.

त्यातच केतकीला दिवस गेले होते. ती इंदूरला असते, जावई पण तिथेच. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून डोहाळजेवण झाल्यावर ती आमच्याकडे येणार होती. मला दोन काळज्या होत्या. पार्लर चालेल कसं ही एक, आणि या हाताने नातवंड उचलणार कशी ही दुसरी. दुसरी जास्त मोठी होती, हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही.

फिजिओथेरपीला डॉक्टर निधी यायची. थाटीपुरला राहते, आमच्या केतकीच्याच वयाची पोरगी, स्कार्फ बांधून स्कूटरवरून टणाटण येते. लाघवी आहे, पण खांदा हातात घेतला की दयामाया नाही. "आंटी, हड्डी का काम हो गया. अब आपका काम है. रोज़ नहीं चलाओगी तो ताला लग जाएगा," असं म्हणून ती हात असा वर रेटायची की माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. घरी करायला तिने मला पुली दिली. साधी वस्तू आहे. वर एक चाक, त्यातून दोरी, दोरीच्या दोन्ही टोकांना मुठी. खाली खुर्चीवर बसायचं, दोन्ही मुठी धरायच्या. चांगल्या हाताने एक मूठ खाली ओढली की दोरी दुखऱ्या हाताला वर नेते. सोडलं की खाली. असं हळूहळू वर-खाली, वर-खाली.

निधीने सांगितलं होतं की पुली दाराच्या चौकटीला लावा. पण आमची दारं लोखंडी पत्र्याची, वर खिळा ठोकायला जागा नाही. ह्यांना जुगाडाची भारी हौस. खोलीत उभे राहून इकडे तिकडे पाहिलं आणि स्टूल आणलं. "ही काय, आयतीच कडी आहे," म्हणाले. "आई असती तर मला घराबाहेर काढलं असतं हं!" आम्ही दोघंही खो खो हसलो. निधीला कडीचं काही ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. ती म्हणाली, "वाह अंकल, एकदम मज़बूत."

पहिले काही दिवस नुसतं दुखणं. दोरी ओढली की कडी कुर्र करायची, सोडली की परत कुर्र. हे आवाज ओळखीचे वाटायचे आणि कुठले ते आठवायचं नाही. मग एक दिवस माझ्याच लक्षात आलं की व्यायाम करताना मी तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणतेय. केतकीला झोपवताना गुणगुणायची तेच. कडीचाच आवाज तो, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी रोज ऐकलेला. बरं वाटलं मला तेव्हा, खरंच सांगते.

त्यानंतर हात भराभर सुटायला लागला. इतका, की निधी चक्रावली. दर वेळी ती हात वर नेऊन पाहायची आणि म्हणायची, "आंटी, क्या खा रही हो? इतनी जल्दी तो जवान लोगों का नहीं होता." मी म्हटलं, तुझी मेहनत. पण मला एक गोष्ट जाणवत होती, ती मी तिला सांगितली नाही. ओढायचं काम चांगल्या हाताचं, म्हणजे डाव्याचं, हे मी वर लिहिलंच आहे. माझा डावा हात आता ओढतच नव्हता. तो मुठीवर नुसता ठेवलेला असायचा. मी ओढायच्या आधी दोरी चालू व्हायची... आणि उजवा हात आपोआप वर. वाटायचं, सवयीने होत असेल. स्वयंपाक करताना तरी आपण कुठे प्रत्येक वेळी ठरवून हात हलवतो?

तेवढ्यात केतकी आली. सातवा संपत आला होता, पोट छान मोठं दिसत होतं. पुलीकडे बघून म्हणाली, "आई, ये क्या जिम खोलून ठेवलंय तू?" ती समोरच्या दिवाणावर पडून असायची, मी खुर्चीवर बसून व्यायाम करायची, आमच्या गप्पा चालायच्या. एके दिवशी तिने बोलता बोलता पोटावर हात ठेवला आणि गप्प झाली.

"काय गं?"

"काही नाही. तू हे सुरू करतेस ना, तेव्हा हा एकदम चुप होऊन जातो. आत्ता लाथा मारून राहिला होता. तू दोरी ओढली की बस... एकदम शांत."

"आवाजाने झोपत असेल," मी म्हटलं. "तूही अशीच झोपायचीस."

"पण थांबलीस की लगेच उठत नाही ना तो. किती वेळ जातो."

मी हसण्यावारी नेलं, पण त्या दिवसापासून ती पोटावर हात ठेवून माझ्या दोरीकडे बघत बसायची. मला ते आवडेना. मी तिला म्हटलं, तू आत जाऊन पड. ती आत गेली तरी तिथून हाक मारायची, "आई, सुरू केलंस ना? समजलं मला." आतून दोरी दिसत नाही. आवाज ऐकून म्हणत असेल, असं मी स्वतःला समजावलं.

मग ती दुपार. जेवणं झाली होती, हे बँकेत गेले होते. लाईट गेलेली, पंखा बंद. मे महिन्यातली आमच्याकडची दुपार ज्याने पाहिली त्याला वेगळं सांगायला नको. बाहेर लू, भाजून काढणारा वारा, म्हणून खिडक्या बंद, पडदे ओढलेले. वाऱ्याची झुळूक आत यायला फटसुद्धा नव्हती. मी स्वयंपाकघरात कैरीचं पन्हं गाळत होते, आणि मला कुर्र... कुर्र... ऐकू आलं. केतकी चाळा करत असेल म्हणून मी तिथूनच ओरडले, "अगं, हात वर करू नकोस फार, आठवा आहे तुला!" उत्तर आलं नाही. कुर्र चालूच होतं, एका लयीत.

मी पदराला हात पुसत बाहेर आले. केतकी दिवाणावर भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती. खुर्ची रिकामी. आणि पुलीच्या मुठी चालत होत्या. एक वर जायची तेव्हा दुसरी खाली. सावकाश. झोळीतल्या बाळाला जाग येऊ नये म्हणून देतात तशा झोक्याने.

मी घाबरले नाही. माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती सासूबाईंची, की रिकामं हलवू नये. म्हणून ते थांबवायला मी पुढे झाले आणि उजव्या हाताने एक मूठ धरली.

दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी होतं. दुसरी मूठ माझ्या डोळ्यांसमोर होती, तिला कुणी धरलेलं नव्हतं, तरी तिच्यावर ओढ होती. जोर असा काही नाही. तान्हं मूल आपलं बोट धरतं ना, मुठीत घट्ट, आणि आपल्याला सोडवून घ्यावंसं वाटत नाही... तेवढीच ओढ. त्या ओढीने माझा हात वर गेला. कानापर्यंत, कानाच्या वर, अगदी सरळ, छताकडे. पडल्यापासून एकदाही गेला नव्हता इतका. दुखलं म्हणून नाही. आणि हात पूर्ण वर गेला त्या क्षणी ती ओढ सुटली.

मागे केतकी किंचाळली. दोन्ही हातांनी पोट धरून उठून बसली होती, घामाने डबडबलेली. "आई, आत्ता कुणीतरी ओढलं! आतून ओढलं!"

संध्याकाळी हे आल्याबरोबर मी पुली काढायला लावली. म्हटलं, आता गरज नाही, हात गेला वर. ह्यांनी पेढे आणले. दुसऱ्या दिवशी केतकीची सोनोग्राफी केली, डॉक्टरीण म्हणाली, "सब बढ़िया है, बच्चा एकदम बढ़िया." मी पार्लर पुन्हा पूर्णवेळ सुरू केलं. लग्नसराई होती, हात असा चालत होता की विचारू नका. सरिता, माझ्याबरोबर काम करते ती, म्हणायची, "दीदी, आप तो पहले से भी फास्ट हो गईं." मी विसरायचं ठरवलं आणि बऱ्यापैकी विसरलेही.

बाळंतपण अवघड गेलं. मुलगा चांगला गुटगुटीत, आणि बाहेर येताना त्याचा खांदा अडकला. त्याला आणून माझ्या मांडीवर ठेवलं तेव्हा मी आधी त्याचं तोंड पाहिलं, मग हात. डावा हात मूठ वळून हवेत नाचत होता. उजवा नुसता पडलेला. कोपर सरळ, आणि तळवा मागे वळलेला, मागून कुणी काही देणार आहे आणि ते घ्यायचंय असा.

डॉक्टरांनी समजावलं, निधीनेही समजावलं. "आंटी, बड़े बच्चों में हो जाता है. कंधा फँसता है तो गर्दन के पास की नस खिंच जाती है. ज़्यादातर ठीक हो जाते हैं, कुछ में कमी रह जाती है. धीरज रखो." खिंच जाती है. ओढली जाते. केतकी रडत होती, जावई फोनवर इंटरनेट धुंडाळत होते, हे खिडकीपाशी पाठ करून उभे होते. मी नातवाला मांडीवर घेऊन बसले होते, त्याच उजव्या हाताने, जो आता कुठेही पोचत होता.

बारशाला त्याच कडीला पाळणा टांगला. नाव ठेवलं ईशान. वर रंगीत कापडी चिमण्यांचं चिमणाळं बांधलं, त्याकडे बघून तो डावा हात नाचवायचा. उजवा दुलईवर पडून असायचा.

सुरुवातीचे दिवस हाताला आराम दिल्यावर निधीने व्यायाम शिकवला. एका हाताने त्याचा खांदा अलगद दाबून धरायचा, दुसऱ्याने कोपर धरून हात हळूहळू वर न्यायचा, मग बाहेर, मग खाली. काखेत धरून उचलायचं नाही. दर वेळी लंगोट बदलला की करायचं. निधी यायची तेव्हा ती करायची, एरवी केतकी. बरेच दिवस झाले तरी त्याच्या स्वतःच्या हालचालीत काही फरक नव्हता. निधी म्हणायची, वेळ लागतो.

मग एका सकाळी केतकी अंघोळीला गेली होती म्हणून मी बसले. त्याचा खांदा धरला, कोपर धरलं, हात वर न्यायला लागले. आणि माझ्या बोटांना ती ओढ लागली. तीच. त्या दुपारी दोरीच्या दुसऱ्या टोकाला होती ती. मी हात सोडून दिला, तरी त्याचा उजवा हात दुलईवरून वर उचललेला राहिला, थोडा वेळ, थरथरत. मग खाली पडला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. केतकीला हाका मारमारून बोलावलं.

त्या दिवशी पार्लरमध्ये एका मुलीचे केस सेट करताना ड्रायर डोक्याच्या वर जाईना. खांद्याला कुणीतरी आतून कडी घातल्यासारखं झालं. म्हटलं, थकवा.

पण मग ते रोजच व्हायला लागलं. मी ईशानचा व्यायाम घेतला की त्याचा हात थोडा जास्त वर जायचा आणि माझा तेवढाच खाली यायचा. मला मध्ये ताप आला, तेव्हा सगळं केतकीने केलं. त्या दिवसांत त्याच्यात काहीच फरक पडला नाही, आणि माझा खांदा मजेत. बरी झाले, पुन्हा बसले, पुन्हा तेच. मी शहाणी बाई आहे, पडताळून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. मुद्दाम दोनदा केतकीवर सोपवून पाहिलं. प्रत्येक वेळी तेच.

केतकीला सांगितलं तर ती मला बाळाला हात लावू देणार नाही. एक तर मला वेड लागलंय असं तिला वाटेल, नाहीतर तिचा विश्वास बसेल, आणि दोन्ही मला ऐकायचं नाही. ह्यांना सांगितलं तर कडी आपणच सुचवली म्हणून ते स्वतःला दोष देतील, आणि या वयात माणूस असलं काही मनाला लावून घेतो. म्हणून मी गप्प. रोज सकाळी पाळण्याशी बसते, त्याचा कोवळा खांदा धरते, आणि ती ओढ आली की मनातल्या मनात म्हणते, घे रे बाबा. घे. उरलासुरला सगळा घे.

पार्लरमधली कात्री आता सरिताच्या हातात दिलीय. मी काउंटरवर बसते. येणाऱ्या बायका विचारतात, "अरे, आपका हाथ तो ठीक हो गया था ना?" मी म्हणते, हो गया था.

निधीकडे उत्तर आहे. ती म्हणते की बाळाची नस बहुतेक वेळा आपोआप सुधारते, या वयात सुधारायचीच. आणि मला शुगर आहे; शुगरवाल्यांचा खांदा बरा होऊनही पुन्हा जाम होऊ शकतो. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील. दोन्ही एकाच घरात, दोघांच्याही उजव्याच हातात, एकमेकींना मापून कशा होतात, ते तिला विचारायचं धाडस मला झालेलं नाही. आणि त्या दुपारी दोरी कोण हलवत होतं? ईशान तर अजून जन्मालाही आला नव्हता. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर सांगा. मला सुचत नाही, आणि सासूबाईंना विचारायची वेळ निघून गेली.

परवा निधी आली होती. सगळे पाळण्याभोवती उभे होतो. ईशानने चिमणाळ्याकडे पाहिलं, आणि उजवा हात उचलला. खांद्याच्या वर, कानाच्या वर, अगदी सरळ... आणि लाल चिमणी मुठीत पकडली. केतकी आनंदाने रडायला लागली. ह्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पोटाशी धरून, कारण माझा हात आता तेवढाच उचलतो.

निधीचं ते लक्षात आलं. तिने जवळ येऊन माझा हात वर न्यायचा प्रयत्न केला आणि तोंड वाकडं केलं. "आंटी, ये क्या? ये तो फिर पूरा जाम! अंकल, वो पुली कहाँ रखी है? टाँग दीजिए फिर से."

हे लगेच वळले. स्टूल आणायला निघाले, वर गर्डरकडे बघतच.

"राहू द्या," मी म्हटलं. "कडी रिकामी नाहीये."